घरात तीन पिढ्या फुटबॉल, आणि २४व्या वर्षी भरतीचा फॉर्म

या वेळेस वणीकडून एका पोट्ट्याचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतो, तर नाही छापत. थोडक्यात त्याचं म्हणणं असं. आजोबा कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, टीममध्ये सेंटर हाफ. बाबा आणि मोठे काका पण कॉलरीकडूनच खेळले, काका तर संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याराज्यांच्या टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, राज्याच्या कॅम्पपर्यंत पोचले, आणि बाबांना खेळाच्या जोरावर खाणीत नोकरी लागली. हा स्वतः विंगर, म्हणजे कडेने धावत बॉल पुढे नेणारा, शाळेत असताना सुब्रोतो कप, मग बीए करता करता युनिव्हर्सिटीची टीम, आणि आता दोन सिझन झाले पुण्याकडच्या एका क्लबकडून खालच्या लीगमध्ये खेळून राहिला. महिन्याला १५ हजार ठरले होते, शेवटचे तीन महिने काहीच आलं नाही. गुडघा लचकला होता तरी इंजेक्शन घेऊन दोन मॅच खेळला. आता सिझन संपला म्हणून घरी आहे, डिसेंबरमध्ये २५ पूर्ण होतात. आई म्हणते पोलीस भरतीचा फॉर्म भर. बाबा म्हणतात आपल्या घरात कोणी अर्ध्यात सोडलं नाही. टपरीवर गेलं की लोक विचारतात, टीव्हीवर कधी दिसशील बाप्पा? शेवटी लिहितो, "मॅडम, मी फेल झालो का? सोडून देऊ का? बाबांना कसं सांगू?" आणि मधेच एका ओळीत लिहून गेला आहे की लहान बहीण पण खेळते, कॉलेज टीमची कॅप्टन आहे.

बेटा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फेल नाही झालास. हे तुझं मन राखायला नाही सांगत, हिशोब करून सांगते. २०२४-२५ ला आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, १३ क्लब होते, एका टीमचे एका वेळी मैदानात ४ विदेशी चालत, म्हणजे ११ मधल्या ७ जागा आपल्या पोरांच्या, सगळ्या क्लबच्या मिळून ९१. एवढ्या मोठ्या देशात ९१. त्यातून गोलकीपर काढ, डिफेंडर काढ, मधल्या फळीचे काढ, आणि मग विंगरच्या किती जागा उरतात ते तूच मोज. त्याच्या खाली तेव्हा आय-लीग, मग आय-लीग २, २०२३ पासून आय-लीग ३ पण, त्याच्या खाली राज्याच्या आणि जिल्ह्याच्या लीगा. टपरीवरच्या माणसाला या पायऱ्या माहीत नसतात, त्याच्यासाठी फुटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसते तेवढंच, त्याचा राग धरू नको पण त्याच्या प्रश्नावर आयुष्याचा निर्णय पण घेऊ नको. आणि वर गेलेल्यांचं सगळं सुरळीत चाललं असं पण नाही, २०२५ मध्ये आयएसएलचा सिझन वेळेवर सुरूच झाला नाही, लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या करारावरून घोळ झाला आणि काही क्लबनी तर खेळाडूंचे पगार थांबवले. टीव्हीवर दिसणाऱ्या पोरांचे पगार थांबले. मग तुझे तीन महिने थकले यात तुझ्या खेळाची काही चूक आहे असं मनात पण आणू नको.

आता एका घराची गोष्ट सांगते, इंग्लंडमधली आहे पण तुला ओळखीची वाटेल. उत्तर इंग्लंडमध्ये अ‍ॅशिंग्टन नावाचं गाव आहे, कोळशाच्या खाणींचं, घुग्घुस-माजरीसारखं. तिथे मिलबर्न नावाचं घराणं. त्या घरातली मुलगी सिसी, तिचे चार भाऊ जॅक, जॉर्ज, जिम आणि स्टॅन, चौघेही प्रोफेशनल फुटबॉलर. तिचा चुलतभाऊ जॅकी मिलबर्न, तो न्यूकॅसलचा एकदम लाडका खेळाडू. सिसीचं लग्न एका खाणकामगाराशी झालं आणि तिची पोरं म्हणजे बॉबी चार्लटन आणि जॅक चार्लटन, १९६६ ला इंग्लंडने वर्ल्ड कप जिंकला त्या टीममधले दोघे भाऊ. जग या दोघांना ओळखते. पण मला तुला स्टॅनमामाबद्दल सांगायचं आहे. तो चेस्टरफील्डला खेळला, मग लेस्टरला, आणि शेवटी रॉचडेलला, म्हणजे तेव्हाच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये, लीगच्या एकदम तळाशी. १९६२ ला ही तळातली रॉचडेलची टीम लीग कपच्या फायनलला पोचली, नॉर्विचकडून हरली, पण फायनलला पोचली, आणि स्टॅन तेव्हा पस्तिशीत होता, त्या टीममध्ये बॅकला खेळत होता. भाचे मोठे होत होते, चुलतभाऊ आधीच मोठा झालेला, आणि हा चौथ्या डिव्हिजनमध्ये आपला खेळून राहिला. याला फेल म्हणशील का तू? मी तर नाही म्हणणार. मोठा भाचा जॅक, त्याला इंग्लंडकडून पहिली मॅच मिळाली ती १९६५ ला, तिशी पूर्ण व्हायला महिनाभर बाकी असताना. आणि अजून एक गोष्ट लक्षात ठेव, इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलरच्या पगाराला वरची मर्यादा होती, शेवटी शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती, कितीही मोठा खेळाडू असो त्याच्यावर पगार नाही. म्हणजे त्या घरातल्या मामांसाठी फुटबॉल ही खाणीच्या बाहेरची एक नोकरी होती, आवडीची, मेहनतीची, पण नोकरी.

आणि इथेच मला तुझ्या बाबांच्या वाक्याकडे यायचं आहे. आपल्या घरात कोणी अर्ध्यात सोडलं नाही. हे वाचून मी थांबले, कारण त्याच पत्रात वर तूच लिहिलं की बाबांना खेळावर खाणीत नोकरी लागली. मग बेटा, बाबांनी पण कधीतरी अर्ज केलाच असेल ना? सर्टिफिकेट जोडले असतील, कोण्या साहेबांसमोर उभे राहिले असतील, पहिला पगार आईच्या हातात आणून दिला असेल. तुमच्या घरात फुटबॉल आणि नोकरी कधी वेगळे नव्हतेच. आजोबा खाणीत काम करत आणि कॉलरीच्या टीममध्ये खेळत, बाबा खेळले म्हणून खाणीत लागले. फॉर्म भरणं म्हणजे घराण्याची परंपरा मोडणं असं तुला वाटून राहिलं, मला तर उलट दिसते, तुमच्या घराची परंपरा तीच आहे. नुसता क्लबच्या भरवशावर जगणारा, कोणतंही डिपार्टमेंट पाठीशी नसलेला, असा तुमच्या घरातला पहिला माणूस तू आहेस. हे बाबांच्या लक्षात आलं नसेल, कारण त्यांच्या डोळ्यासमोर त्यांचा काळ आहे.

त्यांचा काळ कसा होता हे तुला पण माहीत असलं पाहिजे. तेव्हा फुटबॉल खेळत होत्या डिपार्टमेंटच्या टीम. रेल्वे, पोलीस, बँका, मुंबईच्या मिला आणि कंपन्या, खाणी. खेळाडू म्हणून घेत, हजेरीपटावर नाव चढत होतं, पाय थकले की माणूस ऑफिसात नाहीतर खाणीत कामाला बसत होता आणि रिटायर होईपर्यंत पगार चालू. १९७३ ला कोळसा खाणी सरकारी झाल्या, १९७५ ला वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी, आली, त्या जमान्यात खाणीत लागलेला माणूस म्हणजे गावात वजनदार माणूस. मग १९९६ ला नॅशनल लीग सुरू झाली, २००७ ला तिची आय-लीग झाली, क्लब प्रोफेशनल पाहिजेत असं ठरलं, आणि ते बरोबरच होतं, पण त्यात कंपन्यांच्या टीमला जागा उरली नाही. महिंद्रा युनायटेडसारखी टीम २०१० ला बंद झाली, पंजाबची जेसीटी २०११ ला. नंतर जे नवे क्लब आले त्यांचं पण काय झालं ते तू पुण्याकडे राहून पाहिलंच असशील, पुणे एफसी गेली, डीएसके शिवाजीयन्स गेली, एफसी पुणे सिटी २०१९ ला गेली. मालकाचा धंदा बसला की टीम बंद. खेळाडू दुसऱ्या दिवशी बॅग भरून स्टेशनवर. बाबांच्या वेळी टीम बंद पडली तरी नोकरी राहत होती, तुझ्या वेळी टीम गेली की सगळंच गेलं. एवढा फरक बाबांना समजावून सांग, शांतपणे सांग, ते खाणीत काम केलेले आहेत, पगार थकणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते.

मग सोडू का, तर माझं मत स्पष्ट आहे, एवढ्यात सोडू नको, अजून एक सिझन खेळ, पण अशा तऱ्हेने खेळ की त्या सिझनमधून कागद निघेल. हे नीट समजून घे कारण गावाकडच्या पोरांना हे कोणी सांगतच नाही. खेळाडू म्हणून सरकारी नोकरीसाठी क्लबकडून किती मॅच खेळलास, किती गोल मारले, याला फार किंमत नाही. राज्याकडून खेळलास का, मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेत खेळलास का, युनिव्हर्सिटीच्या ऑल इंडियामध्ये टीम कितवी आली, हे विचारतात. तू दोन सिझन क्लबकडे घाम गाळला पण राज्याच्या ट्रायलला गेला होतास का हे पत्रात कुठेच नाही. संतोष ट्रॉफीची महाराष्ट्राची टीम निवडतात तेव्हा ट्रायलची माहिती जिल्हा संघटनेकडे येते, वीफाकडे, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेकडे, येते, ती माहिती चालत तुझ्या घरी येणार नाही, तुलाच विचारत राहावं लागेल. काका कॅम्पपर्यंत गेले होते ना, त्यांना सोबत घे, त्यांच्या ओळखीचे कोणी ना कोणी अजून संघटनेत असतील, विचारायला लाजू नको.

आणि घड्याळाकडे पण पाहा. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात वय १८ ते २५, आणि त्यात प्रवर्गाची सवलत पण नसते. म्हणजे तुझ्यासाठी हे दार जवळजवळ बंद होत आलं आहे, कदाचित एक जाहिरात हातात असेल. वय कोणत्या तारखेला धरतात ते प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असते, तेच आधी वाच. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे दोघांचे नागपूरला विभाग आहेत, पण जाहिराती झोनच्या निघतात, सगळ्या झोनच्या साइट पाहत जा, नुसत्या नागपूरच्या नाही. रेल्वेवाले कामगिरी पण अलीकडच्या दोन-तीन वर्षांतलीच धरतात, म्हणजे शाळेतलं सुब्रोतोचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लाव, खुशाल लाव, पण तिथे ते चालणार नाही. म्हणूनच म्हणते की एक सिझन खेळायचा तर तो राज्याच्या टीमसाठी खेळायचा, क्लब हा त्यासाठी फिट राहायचा रस्ता समज.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत पण आहे, वयातही सवलत असते. पण कोणत्या पदाला कोणत्या पातळीची स्पर्धा चालते हे जाहिरातीत आणि जीआरमध्ये पाहावं लागते, ऐकीव माहितीवर जाऊ नको, आपल्याकडे प्रत्येक गावात एक तरी माणूस असतो जो सांगतो की जिल्ह्याचं सर्टिफिकेट पण चालते म्हणून, आणि पोरं त्या भरवशावर राहतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडताळणी. सर्टिफिकेट घरात असून भागत नाही, ते क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागते, तुमचा यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो. जाहिरात निघाल्यावर धावपळ करायची नाही, आत्ताच करून ठेवायचं. मी शाळेत खेळ शिकवत होते तेव्हा किती पोरंपोरी पाहिल्या ज्यांच्याकडे खेळ होता, मेडल होतं, आणि कागद वेळेवर नाही म्हणून नोकरी हातची गेली, अजूनही आठवलं की जीव तुटते.

पोलीस भरतीबद्दल आईचं ऐक, फॉर्म भर. सिझन चालू असताना पण भर. मैदानी परीक्षा ५० मार्कांची, त्यात १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. धावण्यात तुला कोणी मागे टाकणार नाही, विंगर आहेस. पण गोळा! फुटबॉलवाली पोरं तिथे मार खातात, खांद्यात जोर नसतो आणि टेक्निक कोणी शिकवलेलं नसते. ७.२६ किलोचा गोळा असतो, तालुक्याला भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे ग्राउंडवर येतातच, त्यांच्यात जाऊन शिक. आणि लेखी १०० मार्कांची आहे, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. मैदानात ५० पैकी ४५ घेऊन लेखीत लटकलेले पोट्टे मी पाहिले आहेत, आणि सगळे खेळाडूच होते, कारण खेळाडूला वाटते की आपण पळतो ना, झालं. दुपारी दोन तास पुस्तक घेऊन बस. क्लबच्या रूमवर असशील तेव्हा पण बस, मोबाइल बाजूला ठेवून.

आता ते थकलेले ४५ हजार. ते सोडून देऊ नको. आधी हे सांग की तुझ्याकडे सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट आहे का, आणि असलं तर त्याची कॉपी तुझ्या हातात आहे का? खालच्या लीगमध्ये खूप पोरांची नोंदणी अमॅच्युअर, म्हणजे हौशी, म्हणून होते आणि पगार म्हणजे तोंडी ठरलेला प्रवासखर्च, मग भांडायला कागदच नसतो. तू प्रोफेशनल म्हणून रजिस्टर असशील आणि कॉन्ट्रॅक्ट असेल तर तुझी बाजू मजबूत आहे. फिफाचा नियम आहे की दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊ शकतो, भरायला किमान १५ दिवस द्यायचे, नाही भरले तर कॉन्ट्रॅक्ट मोडून दुसरीकडे जाता येते आणि पैशाचा हक्क पण राहतो. तुझा सिझन संपला तरी थकबाकी मागता येते, एआयएफएफची, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाची, प्लेअर स्टेटस कमिटी त्यासाठीच आहे. फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया नावाची खेळाडूंची संघटना २००६ पासून आहे, भारताचा जुना कॅप्टन बायचुंग भुतियाने पुढाकार घेतला होता, त्यांना ईमेल कर. क्लबच्या मॅनेजरचे जे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत, पुढच्या महिन्यात देतो, स्पॉन्सरचे आले की देतो, ते एक पण डिलीट करू नको. रागात काही लिहू नको, तारीख टाकून साधं सरळ लिही की अमुक अमुक महिन्यांचे एवढे पैसे बाकी आहेत. आणि पुढच्या क्लबमध्ये, तोच असो की दुसरा, सही केलेली कॉपी हातात आल्याशिवाय गाडीत बसू नको. लाजायचं काय त्यात, वावर बटाईने देताना पण आपण दोन माणसांसमोर बोलतो.

गुडघ्याचं तू एका ओळीत उरकलं, मला मात्र तिथेच सगळ्यात जास्त काळजी वाटली. लचकला, सूज आली, इंजेक्शन घेऊन खेळलो. बेटा हे पुन्हा करायचं नाही. दुखणं बंद केलं म्हणजे गुडघा बरा झाला असं नसते, दुखणं तुला थांब म्हणत होतं आणि कोणीतरी ते बंद करून तुला मैदानात पाठवलं. जिना उतरताना किंवा एकदम वळताना गुडघा सुटल्यासारखा वाटतो का? वाटत असेल तर आतला लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, तो गेलेला असू शकतो, आणि ते हात लावून मालिश करणाऱ्याला कळत नाही, डॉक्टरने तपासून गरज वाटली तर एमआरआय करावा लागतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलला जा, हाडांच्या डॉक्टरांना दाखव, तुमच्याकडून एका दिवसात जाऊन येता येते. एसीएलचं ऑपरेशन करावं लागलं तर मैदानात परतायला नऊ महिने धर, घाई केली तर तोच गुडघा परत जातो. तसं निघालं तर वर जे मी एक सिझन खेळ म्हटलं ते बाजूला ठेव, आधी पाय, मग बाकी सगळं, आणि मग हे वर्ष पूर्ण अभ्यासाला दे. नसेल तसं काही, तर फिजिओ सांगेल ते व्यायाम रोज, आणि प्रॅक्टिसच्या आधी फिफा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे तो कर, वीस मिनिटं लागतात, व्हिडिओ फुकट मिळतात, गुडघ्याच्या दुखापती त्याने खरंच कमी होतात.

अजून एक, आता घरी आहेस तर गावोगावच्या रोख बक्षिसाच्या टूर्नामेंटवाले तुला बोलावतील, पुण्याला खेळणारा पोरगा आमच्याकडून, असं म्हणून पोस्टरवर फोटो पण टाकतील. मला त्या टूर्नामेंट मनापासून आवडतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसून मॅच पाहणारी माणसं, शेजारच्या गावाशी जुनी खुन्नस, आपल्या भागातला फुटबॉल जिवंत आहे तो या लोकांमुळे, हे मी ठामपणे सांगते. पण काळ्या मातीचं ग्राउंड वाळलं की दगड होते आणि भेगा पडतात, त्यात बुटाचा स्टड अडकला आणि अंग वळलं की गुडघा गेलाच समज. या वर्षी नाही म्हण. पाहुणा म्हणून जा, बक्षीस वाटायला जा, पोरांना दोन गोष्टी शिकव, पण खेळू नको.

खेळ सुटल्यावरचं पण थोडं बोलते. एआयएफएफचं डी लायसन्स १८ वर्षांच्या पुढे कोणालाही करता येते, छोटा कोर्स असतो, नागपूरकडे लागला की करून टाक, मग सी. कोचिंग करायचं असेल तर खेळत असतानाच सुरुवात करायची. बीए झालेलं आहे तर बीपीएड पण होते, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव तर तुला माहीतच असेल, १९१४ पासूनची संस्था आहे. पण स्पष्ट सांगते, शाळेत खेळाच्या शिक्षकाच्या जागा फारच कमी निघतात, तेवढ्यावर विसंबू नको. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ ला सुरू केलेली स्लम सॉकर ही झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल चालवणारी संस्था आहे, तशा कामात खेळलेल्या पोरांची गरज असते, कधी जाऊन पाहून ये, तुला आवडेल असं मला वाटते.

आता ती एक ओळ. लहान बहीण पण खेळते.

मी वर सिसीबद्दल सांगितलं, चार भाऊ प्रोफेशनल, चुलतभाऊ स्टार, दोन पोरं वर्ल्ड कप जिंकलेली. आणि सिसी स्वतः? ती लहान असताना, १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबच्या मैदानांवर बायकांच्या फुटबॉलला बंदी घातली, आणि ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. त्या घरातल्या पोरीच्या पायात काय होतं हे कोणाला कधी कळलंच नाही. तुझ्या बहिणीवर अशी कोणती बंदी नाही, पण तुझ्या पत्रात तीन पिढ्यांचा हिशोब आहे आणि तिच्यासाठी एक ओळ. कॉलेज टीमची कॅप्टन आहे म्हणजे खेळ असेलच तिच्याकडे. आणि तिचं वय तुझ्यापेक्षा कमी आहे, म्हणजे रेल्वेचं जे दार तुझ्यासाठी बंद होऊन राहिलं ते तिच्यासाठी उघडं आहे! राज्याच्या महिला टीमसाठी राजमाता जिजाबाई ट्रॉफी आहे, मुलींची इंडियन वुमेन्स लीग आहे, २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या पोरींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशिया कपची जागा मिळवली. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागते, ती आत्तापासून तयारी करेल तर कुठे असेल विचार कर. आपल्याकडे राज्याच्या ट्रायलला मुलांपेक्षा मुली कमी येतात, विदर्भातल्या खेड्यांतून तर अजून कमी, बाहेरगावी एकटी पाठवायची कशी म्हणून घरचे थांबवतात. तू आहेस ना सोबत जायला. तुझ्याकडे दोन सिझनचा अनुभव आहे, कोणत्या ट्रायलला काय पाहतात, रूमवर कसं राहायचं, कॉन्ट्रॅक्टमध्ये काय विचारायचं, हे सगळं तिला सांगणारा घरातच आहे. संध्याकाळी ग्राउंडवर तिला घेऊन जा आणि लोक पाहतात तर पाहू दे.

बाबांना कसं सांगू, हे तू विचारलंस. सोडतो आहे असं सांगू नको, कारण तू सोडून राहिलाच नाहीस. असं सांग की एक सिझन अजून खेळणार, राज्याच्या ट्रायलला जाणार, आणि सोबत फॉर्म भरणार, जसा तुम्ही भरला होता. आणि त्यांना विचार की त्यांना नोकरी कशी लागली होती, कोणती मॅच खेळले होते, कोणी पाहिलं, पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा कसं वाटलं. त्यांना सांगू दे सगळं, मधे बोलू नको. बापाला पोराची भीती कळते पण पोरगा उभ्या उभ्या घोषणा करून गेला की तो आडवा बोलतो, सगळ्या घरांत हेच असते. काका पण असतील त्या वेळेस तर बरं.

आणि बाबांना एक कामच दे. तुझे सगळे सर्टिफिकेट, सुब्रोतोपासून युनिव्हर्सिटीपर्यंत, बहिणीचे पण, एका फाइलमध्ये लावून आधी यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात दाखवा, तिथे विचारा कोणतं चालते कोणतं नाही, मग पडताळणीसाठी अमरावती. खेळलेला माणूस सोबत असला की ऑफिसातले लोक नीट बोलतात, हा माझा अनुभव आहे. मूळ सर्टिफिकेट कोणाकडे सोडून येऊ नका, झेरॉक्सचे दोन-तीन सेट करून ठेवा, प्रत्येकाच्या मागे स्पर्धेचं नाव, गाव आणि तारीख पेन्सिलने लिहा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, मग पुढच्या सिझनचं बोलू.